न झालेल्या यंत्राची माहितीपुस्तिका

लंडनच्या ‘सायंटिफिक मेमॉयर्स’ या नियतकालिकात १८४३ साली एक भाषांतर छापून आले. मूळ लेख फ्रेंचमधला, त्याचा लेखक इटालियन, आणि विषय एका इंग्रज गृहस्थाने कल्पिलेले गणितयंत्र. भाषांतराच्या शेवटी भाषांतरकाराने सात टिपा जोडल्या होत्या. या टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या. खाली पूर्ण नाव नव्हते, ए. ए. एल. एवढी तीन आद्याक्षरे होती. आणि ज्या यंत्राविषयी इतक्या बारकाईने लिहिले होते, ते यंत्र तेव्हा जगात कोठेही नव्हते. पुढेही ते कधी पूर्ण झाले नाही.

ती आद्याक्षरे ऑगस्टा ॲडा लव्हलेस हिची. जगातली पहिली प्रोग्रामर म्हणून तिचे नाव आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हे बिरुद तिला द्यावे की नाही यावर विद्वानांत वाद आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. परंतु मला तिचे मोठेपण वेगळ्याच ठिकाणी दिसते. एखादे साधन काय करते, त्याला काय द्यावे लागते, ते काय परत देते आणि काय करू शकत नाही, हे अगदी परक्या वाचकाला उमगेल असे लिहून ठेवणे, हे काम तिने केले. या कामाला आजही आपण दुय्यम समजतो. ते तसे नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांतून मी तीस वर्षे गणित शिकवले. माझा एक विद्यार्थी, घाटाखालच्या एका लहानशा गावातला, आता एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत भेटायला आला तेव्हा त्याने आपले काम थोडे संकोचानेच सांगितले. बाकीचे सॉफ्टवेअरची साधने तयार करतात आणि हा त्या साधनांची वर्णने लिहितो. ही वर्णने वाचणारा माणूस नसून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा ‘एजंट’ असतो. घरी कोणाला हे काम धड समजत नाही, कंपनीतले सोबतीही त्याला लिखापढीच समजतात, अशी त्याची खंत होती. सर, इंजिनिअर होऊन शेवटी कारकुनीच आली, अशा अर्थाचे काहीसे तो बोलला. त्याला मी ॲडाची हकीकत सांगितली.

एजंट हा शब्द आपल्याकडे नवा नाही. तालुक्याच्या गावी कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला एजंट कोणी पाहिलेला नाही? कोणत्या कामाला कोणती खिडकी, कोणता अर्ज, किती रुपयांचे तिकीट, सोबत कशाची झेरॉक्स, हे सारे त्याला तोंडपाठ असते. हा नवा एजंट असाच मुखत्यार आहे, फक्त तो माणूस नसून प्रोग्राम आहे. आपण त्याला साध्या भाषेत काम सांगायचे आणि त्याने आपल्या हाताशी दिलेल्या साधनांपैकी, म्हणजे ‘टूल्स’पैकी, योग्य ते निवडून काम तडीस न्यायचे. एक साधन गाडीची वेळ शोधते, दुसरे नोंदवहीतली माहिती काढते, तिसरे पत्र धाडते. अशी साधने जोडून देण्याची सोय ओपनएआय या कंपनीने जून २०२३ मध्ये केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने त्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली. तेव्हापासून हा पसारा झपाट्याने वाढला आहे.

मात्र झाडाखालच्या एजंटात आणि या एजंटात एक मोठा फरक आहे. पहिल्याची आतल्या माणसांशी ओळख असते, आणि चुकलाच तर खिडकीतून कोणी तरी हटकते. दुसऱ्याला ओळखपाळख नाही. त्याच्यासमोर प्रत्येक खिडकीवरची पाटी तेवढी असते. तीवर साधनाचे नाव, ते काय करते याच्या चार ओळी आणि त्याला काय काय पुरवायचे त्याची यादी. पाटी मोघम असेल तर तो चुकीच्या खिडकीपाशी मोठ्या आत्मविश्वासाने जाऊन उभा राहतो. त्या पाट्या लिहिणे हे माझ्या विद्यार्थ्याचे काम. आता ॲडाकडे वळू.

तिचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनमधला. वडील लॉर्ड बायरन, त्या काळी सर्व युरोपात गाजलेला कवी. आई ॲनाबेला, स्वतः गणिताची आवड असलेली करारी स्त्री. मूल जेमतेम महिन्याचे असताना आईने नवऱ्याचे घर सोडले. त्याच वर्षी, १८१६ च्या एप्रिलात, बायरन इंग्लंड सोडून गेला आणि बापलेकीची पुन्हा गाठ पडली नाही. १८२४ मध्ये ग्रीसमध्ये तो वारला तेव्हा ॲडा ८ वर्षांची होती. बापाचा लहरी स्वभाव लेकीत उतरू नये म्हणून आईने तिला लहानपणापासून गणिताच्या दावणीला बांधले. पण कल्पनाशक्ती अशी बांधून राहते थोडीच! बाराव्या वर्षी या मुलीने आकाशात उडण्याचा बेत आखला. पंख कशाचे करावेत, त्यांचे माप शरीराच्या प्रमाणात किती असावे, हे पक्षी पाहून ठरवावे आणि त्यावर चित्रांसह एक पुस्तक लिहावे, असा तिचा मनोदय होता. पंख आणि पंखांवरचे पुस्तक, दोन्ही तिला एकदमच सुचले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे १८२९ मध्ये गोवर आला, पाय लुळे पडले आणि काही वर्षे कुबड्यांवर काढावी लागली.

जून १८३३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशी भेट झाली. बॅबेज तेव्हा केंब्रिजला गणिताचे प्राध्यापक होते. गणिताची कोष्टके बिनचूक तयार व्हावीत म्हणून त्यांनी चाकांचे एक यंत्र, ‘डिफरन्स इंजिन’, आखले होते. त्याचा एक चालता भाग त्यांच्या दिवाणखान्यात मांडलेला असे. लंडनची प्रतिष्ठित मंडळी तो पाहून चकित होऊन परत जात. ॲडाला चकित होण्यात रस नव्हता, यंत्र कसे चालते ते तिला समजून घ्यायचे होते. १८३५ मध्ये तिचे विल्यम किंग यांच्याशी लग्न झाले, १८३८ मध्ये पतीला उमरावकी मिळून ती काउंटेस ऑफ लव्हलेस झाली, तीन मुले झाली. त्यानंतर, १८४० पासून, तिने ऑगस्टस डी मॉर्गन या नामवंत गणितज्ञाकडे पत्राने धडे घेतले. जे कळले नाही ते कळल्यासारखे करून पुढे जायचे नाही, हा तिचा स्वभाव त्या पत्रव्यवहारात जागोजाग दिसतो. मी आयुष्यभर मुले शिकवली. माझा अनुभव असा की, जो स्वतः असा अडतो, तोच पुढे दुसऱ्याला नीट समजावू शकतो.

बॅबेज यांची गोष्ट नेमकी उलटी. त्यांची बुद्धी अफाट होती. पहिले यंत्र पुरे होण्याआधीच त्यांच्या डोक्यात दुसरे, अधिक मोठे यंत्र आले. हेच ‘ॲनालिटिकल इंजिन’. त्याचे दोन मुख्य भाग होते, आकडेमोड करणारी गिरणी आणि आकडे साठवणारे कोठार. नावे बॅबेज यांचीच, पण आपल्यासारख्या भाताच्या मुलखातल्या माणसाला ती सांगावी लागत नाहीत. यंत्राला हुकूम द्यायचे ते भोके पाडलेल्या पत्त्यांनी. ही कल्पना फ्रान्समधल्या जकार्ड मागावरून घेतलेली. त्या मागावर कापडातली नक्षी अशाच पत्त्यांनी ठरत असे. आजचा संगणक ज्या तत्त्वांवर चालतो, त्यांपैकी कितीतरी तत्त्वे या आराखड्यात होती. पण बॅबेज यांनी या यंत्राचे सांगोपांग वर्णन कधी प्रसिद्ध केले नाही. आराखडे वाढत गेले, वह्या भरत गेल्या, आणि समोर बसलेल्याला तोंडाने सांगण्यावर सारी भिस्त राहिली. सरकारने पहिल्या यंत्रापायी १७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्चून १८४२ मध्ये हात झटकले. आराखड्यांत खोट नव्हती. बॅबेज यांनी नंतर काढलेल्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाच्या आराखड्यांवरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये यंत्राचा गणिती भाग उभा केला आणि तो चालला. उणीव होती ती यंत्राचे मोल परक्याला पटवून देणाऱ्या लेखणीची.

१८४० मध्ये बॅबेज यांनी इटलीतल्या तुरीन शहरी या यंत्रावर विवेचन केले. श्रोत्यांत लुइजी मेनाब्रेआ नावाचा एक तरुण लष्करी इंजिनिअर होता. हाच पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. त्याने फ्रेंचमध्ये लिहिलेला लेख ऑक्टोबर १८४२ मध्ये जिनिव्हात छापला गेला. शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांच्या सूचनेवरून ॲडाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. बॅबेज यांनी तिला विचारले की, हा विषय एवढा अवगत असताना तिने स्वतंत्र लेख का लिहिला नाही? तसे आपल्याला सुचलेच नाही, असे तिचे उत्तर होते. मग निदान टिपा तरी जोडाव्यात, असे ठरले. अशा रीतीने त्या सात टिपा १८४३ च्या उन्हाळ्यात लिहिल्या गेल्या.

या टिपांत तिने काय केले ते पाहण्यासारखे आहे. पहिल्याच टिपेत ती चिन्हांच्या गोंधळाला हात घालते. गणितात एकच चिन्ह कधी संख्या दाखवते, कधी क्रिया. माणूस संदर्भावरून अर्थ लावतो, यंत्राला तसे करता येत नाही. म्हणून क्रिया वेगळी आणि ज्यावर क्रिया करायची ती वस्तू वेगळी, हा भेद ती आधी पक्का करून घेते. आजच्या एजंटांची पुष्कळशी फजिती याच जागी होते. आपल्याकडचीच उदाहरणे घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि आपण बोलतो एकर-गुंठ्यांत. ०.४० हा आकडा हेक्टर समजला तर ती जवळजवळ एकरभर जमीन झाली. तोच आकडा एकर समजला तर अवघे सोळा गुंठे. आकडा तोच, पण कोणत्या मापात हे पाटीवर लिहिले नसेल, तर यंत्राने काय समजावे? शहापूर म्हटले की आपल्याला एकच गाव आठवते, पण कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात एक शहापूर आहे आणि बेळगावातही एक शहापूर आहे. आणि आपल्या शहापूरला रेल्वेने यायचे तर तिकीट काढायचे आसनगावचे! हे इथल्या पोराबाळांना ठाऊक असते, म्हणूनच ते कोणी लिहून ठेवत नाही. सर्वांना ठाऊक असलेली गोष्टच नेमकी कागदावर यायची राहते, आणि परका वाचक तेथेच अडतो.

शेवटच्या टिपेत तिने बर्नुली संख्या नावाच्या एका अवघड संख्यामालिकेचा हिशोब यंत्राकडून कसा करून घ्यावा, याचा तक्ता दिला. हा तक्ता म्हणजे तिच्या कामाचा कळस. त्यात २५ क्रिया ओळीने मांडल्या आहेत. प्रत्येक क्रियेपुढे रकाने आहेत: क्रियेचा क्रमांक, ती कोणत्या जातीची, ती कोणत्या राशींवर करायची, उत्तर कोठे ठेवायचे, आणि या क्रियेमुळे कोणत्या राशीचे मूल्य बदलले व कोणत्या राशीचे तसेच राहिले. हा शेवटचा रकाना मी विद्यार्थ्याला मुद्दाम दाखवला. साधनाला काय दिले आणि त्याने काय परत केले, एवढे बहुतेक जण लिहितात. त्याच्या वापराने मागे काय बदलून राहते, हे लिहायचे मात्र राहून जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्याचा उतारा काढणे वेगळे आणि फेरफार नोंदवणे वेगळे. उतारा दहा वेळा काढला तरी कोणाचे काही बिघडत नाही. फेरफार एकदाच चुकीचा झाला तर भावाभावांत कोर्टकचेरी उभी राहते. दोन्ही साधनांच्या वर्णनात नुसते ‘जमिनीच्या नोंदीचे काम’ असे लिहिले, तर एजंट कोणते उचलेल? माझ्या विद्यार्थ्याच्या चार ओळींवर कोणाची तरी दोन एकर भातशेती अवलंबून असू शकते. याला कारकुनी कसे म्हणावे?

याच टिपेच्या प्रारंभी तिने यंत्राच्या मर्यादाही बजावून ठेवल्या आहेत. नव्या वस्तूचे लोक आधी अवाजवी कौतुक करतात आणि भ्रमनिरास झाला की तिचे खरे मोलही नाकारतात, हे तिने ओळखले होते. हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करील असा दावा नाही, जे करायला आपण त्याला सांगू शकू तेवढेच ते करील, असा तिच्या म्हणण्याचा आशय. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात, यंत्रे विचार करू शकतील काय याची चर्चा करताना, या मुद्द्याला तिचेच नाव देऊन उत्तर दिले. तो वाद आजही मिटलेला नाही. पण त्या वादाहून मला तिचा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. ज्या यंत्रावर तिचा जीव जडला होता, त्याला काय येत नाही हेही तिने लिहिले. साधनाचे वर्णन आणि साधनाची जाहिरात यांतला फरक हाच.

तिचे लेखन निर्दोष होते असे मात्र नाही. छापलेल्या तक्त्यात चौथ्या क्रियेतल्या भागाकाराची दोन पदे उलटी पडली आहेत. गणित जाणणारा माणूस ती चूक मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. यंत्र असते तर त्याने निमूटपणे उलटा भागाकार केला असता आणि पुढची सारी उत्तरे बिघडली असती. म्हणूनच लिहून झालेले वर्णन प्रत्यक्ष यंत्राकडून एकदा वापरून घ्यावे लागते. ॲडाला ती सोय नव्हती, आजच्यांना आहे. याउलट बॅबेज यांनी याच संख्यांसाठी करून दिलेल्या बीजगणितातली एक मोठी चूक तिने पकडली होती, हे बॅबेज यांनीच आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

छपाईच्या वेळी दोघांत खटका उडाला. सरकारने केलेल्या अन्यायाची कैफियत निनावी प्रस्तावना म्हणून जोडावी, असा बॅबेज यांचा आग्रह होता. ते जमत नसेल तर तिने भाषांतर मागे घ्यावे, असेही त्यांनी सुचवले. तिने साफ नकार दिला. यंत्र समजून घ्यायला आलेल्या वाचकापुढे गाऱ्हाणे वाचायचे नसते, हा विवेक तिच्याजवळ होता. ऑगस्ट १८४३ मध्ये तिने एक लांबलचक पत्र लिहून यंत्राच्या व्यवहाराची बाजू आपल्याकडे सोपवावी, असे बॅबेज यांना सुचवले. त्यांनी ते मानले नाही. मैत्री टिकली, यंत्र मात्र झाले नाही.

पुढची वर्षे सुखाची नव्हती. प्रकृती ढासळत गेली, घोड्यांच्या शर्यतींचा नाद लागला, कर्ज झाले. डी मॉर्गन यांच्यासारख्या हितचिंतकालाही, तिची बुद्धी मान्य करूनही, एवढा बौद्धिक ताण स्त्रीच्या शरीराला सोसणार नाही, असेच वाटत होते. गर्भाशयाच्या कर्करोगाने २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती वारली तेव्हा ३६ वर्षांची होती. बायरनही ३६ व्याच वर्षी गेला होता. तिच्या इच्छेनुसार तिला हकनॉलच्या चर्चमध्ये, जाणत्या वयात कधी न भेटलेल्या वडिलांशेजारी, चिरविश्रांती मिळाली. मग शंभर वर्षे तिची आठवण फारशी कोणाला झाली नाही. संगणक आले, १९५३ मध्ये त्या टिपा एका ग्रंथात पुन्हा छापल्या गेल्या, आणि १९८० च्या सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या संगणकभाषेला ‘ॲडा’ हे नाव दिले.

आता श्रेयाचा वाद. टिपांपूर्वी काही वर्षे बॅबेज यांनी स्वतः यंत्रासाठी अशा मांडण्या करून ठेवल्या होत्या, हे त्यांच्या कागदपत्रांवरून दिसते. तेव्हा पहिला प्रोग्राम कोणाचा, हा प्रश्न खुशाल त्यांच्या बाजूने सोडवावा. परंतु त्या मांडण्या वह्यांत राहिल्या आणि तिचा तक्ता छापून जगापुढे आला. वहीतली गोष्ट लिहिणाऱ्यापुरती असते. परक्यासाठी लिहिलेली गोष्ट लिहिणाऱ्याच्या पश्चातही कामाला येते, आणि श्रेय ठरवताना हा फरक लहान मानू नये.

मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर वैशाखरे गावापुढे गेले की नाणेघाटाची चढण लागते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञ कोणते केले, दक्षिणा किती दिली, हे त्यात अंकांसह खोदलेले आहे. खोदणाऱ्याला ते अंक रोजच्या वापरातले, त्यांचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज त्याला भासली नसेल. पुढे ती लिपी वाचणारेच उरले नाहीत, आणि ते अंक लावायला एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या व्यासंगी माणसाला आपली विद्वत्ता पणाला लावावी लागली. नवा एजंट हाही असाच परका वाचक आहे. मात्र त्याच्यापाशी पंडितजींचा धीर नाही. दोन हजार वर्षे थांबणे दूरच, तो क्षणभरही थांबत नाही. त्याला जे उमगेल ते तो लगेच करून मोकळा होतो.

आपल्या भागातली अनेक मुले आता या क्षेत्रात जात आहेत. त्यांतल्या ज्यांच्या वाट्याला साधने घडवण्याऐवजी साधनांची वर्णने लिहिण्याचे काम येईल, त्यांनी मान खाली घालू नये. एक करावे. लिहिताना आसनगाव हे शहापूरचे स्टेशन आहे हे ज्याला ठाऊक नाही, असा वाचक डोळ्यांपुढे ठेवावा. आणि प्रत्येक साधनापुढे ॲडाचा तो रकाना न चुकता भरावा: याच्या वापराने काय बदलते आणि काय तसेच राहते.